अलाबला

१२ एप्रिल
आलो एकदाचे नव्या फ्लॅटमध्ये. नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, दुसरा मजला, गॅलरीत भरपूर ऊन. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण मला साखर निघाली, बाळही अंगाने मोठं आहे, म्हणून डॉक्टर मॅडमनी चांदवडला जायला बंदी केली. आईला वाईट वाटलं. कांदा चाळीत भरून झाला की येते, म्हणाली. गॅसवर दूध उतू घालायच्या आधीच अमोलने रिक्षातून उतरवताना नवा माठ फोडला. मी हसून हसून बेजार, पोटातले साहेबही लाथा मारून सामील.

नव्या घराची नवी रोजनिशी. फळ्यावर लिहून लिहून माझं अक्षर बिघडलंय, असं अमोल म्हणतो. त्याने आधी स्वतःची सही नीट बघावी. माझ्या अक्षराला जिल्ह्यात पहिलं बक्षीस होतं.

२४ एप्रिल
मुलगा झाला, आठवड्यापूर्वीच.

लिहावंसं वाटत नव्हतं, पण मनात ठेवून झोप येत नाही. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. एक मावशी वरून पोट दाबायला लागली, तशा डॉक्टर मॅडम तिच्यावर ओरडल्या आणि माझे पाय पार पोटाशी घ्यायला लावले. खूप ओढाताण झाली. बाळ आलं ते निळंसर आणि गप्प. ते रडायची मी वाट बघत होते. इतकी शांतता मी कुठल्या वर्गात कधी ऐकली नाही. मग कधीतरी ते बारीक आवाजात रडलं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तिथे एकदा झटकाही आला. आता घरी आलोय, पण त्याचा उजवा हात लुळा आहे. खांद्यापाशी नसा ताणल्या गेल्यात, व्यायाम करत राहा, महिने लागतील, बहुतेक मुलांचा सुधारतो, असं सांगितलंय. बहुतेक म्हणजे सगळ्यांचा नाही, एवढं मराठी मला कळतं.

२६ एप्रिल
बाळाला न्हाऊ घालायला अंबूबाई येतात. लुळ्या हाताला फार जपतात. न्हाणं झालं की त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवतात, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडतात आणि इडापिडा टळो म्हणतात. आई माझी अशीच अलाबला घ्यायची, परीक्षेच्या दिवशी तर भर रस्त्यात. आज बाळाची मी घेतली. हात फिरवताना मनात होतं तेच तोंडातून गेलं, याच्या हाताचं दुखणं मला लागू दे. बोटं अशी कडाकड मोडली की बाळ दचकलं.

अंबूबाईंच्या हातातला तांब्या पडला. इडापिडा म्हनायची असती ताई, दुखन्याचं नाव नाय घ्यायचं, नाव घेतलं का ते आईकतं, असं म्हणाल्या. मी हसले. शाळेत विज्ञान शिकवते मी, हसायलाच हवं.

२८ एप्रिल
बाळाने उजवा हात हलवला. कोपर वाकवलं, मूठ वळली. अमोल चक्क रडला. डॉक्टर मॅडमही चकित झाल्या, नशीबवान आहात म्हणाल्या.

संध्याकाळी माझ्या हातातून कुकर सुटला. ओल्या बाळंतिणीने उचलावा कशाला, म्हणून अमोल चिडला. उजवा खांदा जड झालाय. झोपताना अवघडला असेल.

१ मे
अक्षर घसरतंय. पेन बोटांत राहत नाही.

आज बाळाचा उजवा हात नीट बघितला. अंगठा आणि दोन बोटं जुळवून धरतो, खडू धरावा तशी. मी खडू तसाच धरते. मला भीती वाटते. स्वतःच्या बाळाच्या हाताची भीती वाटते, हे कोणाला सांगू?

अंबूबाई आल्या, माझा लोंबता हात बघितला आणि उंबऱ्यातूनच परत गेल्या.

४ मे
डाव्या हाताने लिहितेय. पहिलीच्या पोरासारखं. मानेचा एमआरआय केला, काही निघालं नाही. अमोल म्हणतो, बाळंतपणाचा थकवा.

ठरवलंय — बाळाच्या तोंडावरून पुन्हा हात फिरवायचा नाही. माझा गेला तर गेला, त्याचा तर आला. इथेच थांबायचं.

६ मे
दुपारी पाजताना बाळाला झटका आला. डोळे वर, ओठ निळे. अमोल रिक्षा आणायला पळाला. काय करायचं नाही, ते मला माहीत होतं. एका हाताने केलं. हे गुदमरणं मला लागू दे — नाव घेऊन — बोटं कानशिलावर दाबली, सगळी वाजली. बाळ रडलं. खणखणीत.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. त्याचीच भीती वाटते.

७ मे
आवाज गेला. ओठ नुसते हलतात. श्वास मध्येच थांबतो — परत येईपर्यंत छताकडे बघत बसते. बाळ मजेत.

अमोलने आईला फोन केला. सगळं सांगितलं, अंबूबाईंचं बोलणंसुद्धा, हसत. आई हसली नाही म्हणे. निघते म्हणाली.

तिने मला असं बघितलं तर — नको, येऊच नको —

८ मे
आई बोलता येत नाही म्हणून लिहिते. वाच. माझ्या तोंडावरून हात फिरवू नको. बोटं मोडू नको. नाव घेऊ नको. बाळाची शपथ. लांब राहा आई

वाचलं तिने. चष्मा काढून वहीवर ठेवला. म्हणाली, तू तुह्या लेकराचं घेतलं ना तेजू, मंग मी माह्या लेकराचं नको घेऊ का. मी मागे सरकले, भिंत आली. तिचे दोन्ही हात — कांद्याचा वास — हाताचं नाव घेतलं, श्वासाचं घेतलं. एकही बोट वाजायचं राहिलं नाही.

हे उजव्या हाताने लिहितेय. अक्षर माझंच आहे. श्वास मोकळा आहे, आवाज आलाय. एसटीने लय दमले, असं म्हणून आई बाळाशेजारी लवंडली. तोंड भिंतीकडे. उजवा हात पलंगावरून खाली लोंबतोय. बाळ त्या हाताकडे बघतंय.

हाक मारली. झोप लागली असेल.

पाठ वर-खाली होते का बघतेय — आत्ता झाली — नाही, पंख्याने पदर हलला — आई — आई ऊठ, माझं मला पर