बाबांच्या वयाला मानवेल असा डोंगर

१२ डिसेंबर २००४, रविवार. श्रूजबरी, बॉस्टनजवळ

बाबांना व्हिसा मिळाला. जानेवारीत येतायत, एकटेच. आईला थंडी सोसत नाही, ती नागपुरातच राहणार. मी म्हटलं, उन्हाळ्यात या, सगळ्यांचे आईवडील उन्हाळ्यातच येतात. बाबा म्हणाले, ऊन पाहायला नागपूर कशाला सोडू, मला बर्फ पाहायचा आहे आणि बर्फावर तुला पाहायचं आहे.

इथे एक बारीकशी अडचण आहे, ती नोंदवून ठेवतो. फेब्रुवारी २००२ मध्ये ऑफिसची पिकनिक एका स्की माउंटनवर गेली होती. भाड्याच्या स्कीज पायात, गॉगल कपाळावर, असा माझा फोटो ऑफिसातल्या गॅरीने काढला. फोटो उत्तम आला. त्यानंतर मी चाळीस मिनिटं स्कीइंग केलं, त्यातली तीस बुटांची बकलं लावण्यात गेली. उरलेला दिवस हॉट चॉकलेट. फोटो नागपूरला पाठवला. आईने फोनवर विचारलं, असं नेहमी करतोस का. मी म्हटलं, हो, हिवाळ्यात दर शनिवारी. हे खोटं नव्हतं. तेव्हा तसा विचारच होता.

मग रविवारच्या फोनवर प्रगती सांगावी लागली. पहिल्या हिवाळ्यात ग्रीन, म्हणजे सोप्या उतारांवर होतो. दुसऱ्यात ब्लू. ह्या थँक्सगिव्हिंगला ब्लॅक डायमंडवर पोचलो. त्याच्यापेक्षा अवघड काही नसतं, म्हणून तिथे थांबलोय.

हातात पाच आठवडे. मी इंजिनिअर आहे. पाच आठवड्यांत आम्ही अख्खी सिस्टिम लाइव्ह केली आहे.

१३ डिसेंबर, सोमवार. ऑफिस, लंचनंतर

प्लॅन तयार. पहिला आठवडा ग्रीन, दुसरा ब्लू, तिसरा ब्लॅक, चौथा बफर, म्हणजे राखीव, पाचवा स्टाइल. लेसन घेणार नाही. ते लहान मुलांसाठी असतात. उतार, घर्षण, गुरुत्वमध्य, सगळं कॉलेजात झालंय.

बायकोला, लतिकाला, प्रिंटआउट दाखवला. तिने विचारलं, ह्यात पडणं कुठे दाखवलंय. ती इथेच क्यूएमध्ये आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हीच नोकरी. दोष काढल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

१८ डिसेंबर, शनिवार

सहाचा अलार्म वाजला. बाहेर उणे अकरा. इतक्या थंडीत बर्फ कडक होतो, नवशिक्यांनी जाऊ नये, असं कुठेतरी वाचलं होतं. नवशिका मी नाही, पण विषाची परीक्षा कशाला. झोपलो. दुपारीही थोडा.

पहिला आठवडा दुसऱ्यात ढकलला.

२५ डिसेंबर, शनिवार

ख्रिसमस. माउंटन उघडं आहे. पण लोकांच्या सणावारी मध्येच जाऊन कडमडणं बरं दिसत नाही.

२६ डिसेंबर, रविवार

स्की पँट, हेल्मेट, नवीन गॉगल आणला. घरात घालून पाहिला. आरशात माणूस सरळ ब्लॅक डायमंड वाटतो. सामान जमलं म्हणजे निम्मं काम झालं. प्लॅनमध्ये पन्नास टक्के टाकले.

१ जानेवारी २००५, शनिवार

लायब्ररीतून पुस्तक आणलं. हॉलमध्ये कार्पेटवर प्रॅक्टिस. गुडघे वाकवणं जमलं. डावं वळण घेताना लॅम्प पडला. लतिका म्हणाली, सपाटीवर ही गत, तर उतारावर काय. उतारावर लॅम्प नसतात, हे तिच्या लक्षात येत नाही.

८ जानेवारी, शनिवार

आज खरंच निघालो. मॅपक्वेस्टवरून छापलेले रस्त्याचे तीन कागद घेऊन. तासाभराने पाऊस लागला. पावसात बर्फाची माती होते. परत फिरलो. रिकाम्या हाताने नको म्हणून इंडियन स्टोअरमधून वांगी आणि कोवळी भेंडी आणली. सात्त्विक थकवा. जेवून झोपलो.

१५ जानेवारी, शनिवार

बाबा आले. बॉस्टनहून गाडीत बसल्यापासून उजवा पाय दाबून होते. तीस वर्षं एस.टी.त नव्या ड्रायव्हरांना ट्रेनिंग दिलं, रिटायर झाले तरी पाय अजून ड्यूटीवर आहे. घराशी उतरल्यावर म्हणाले, चांगला चालवतोस, ब्रेक उशिरा मारतोस.

चहा पिऊन होतो न होतो तोच बॅगेतून हँडीकॅम काढला. नागपुरातल्या शेजारच्या जगन्नाथरावांनी दिलाय. मनोहर डोंगरावरून कसा उतरतो ते सगळ्या कॉलनीला बघायचं आहे म्हणे. बाबांनी विचारलं, उद्याच जायचं का. मी म्हटलं, आधी शरीराला हवा मानवू द्या. त्यांच्या शरीराला.

२३ जानेवारी, रविवार

ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ. कालपासून दोन फूट. कालची ट्रिप मी ह्याच कारणाने कॅन्सल केली होती. बाबांनी खिडकीतून बाहेर पाहत शांतपणे विचारलं, बर्फ पडून राहिला म्हणून बर्फाचा डोंगर बंद? मी म्हटलं, सेफ्टी. त्यांनी लगेच मान डोलावली. सेफ्टी ह्या शब्दाचा त्यांना आदर आहे.

दुपारी माकडटोपी घालून त्यांनी आमचा ड्राइव्हवे साफ केला, मग शेजारणीचाही. मी आतून सूचना देत होतो.

२६ जानेवारी, बुधवार

गॅरीला विश्वासात घेतलं. तो हसला नाही, फक्त बराच वेळ खोकला. मग त्याने न्यू हॅम्पशरमधल्या हेझलटन माउंटनचं नाव दिलं. छोटा डोंगर. कडे नाहीत, झाडांत घुसणाऱ्या वाटा नाहीत. सगळे उतार रुंद, आणि रोज रात्री मशीन फिरवून असे विंचरून ठेवतात की सकाळी बर्फावर कॉर्डुरॉयसारख्या रेघा दिसतात. ह्याला ग्रूमिंग म्हणतात. अशा उतारावर नुसतं उभं राहायचं, डोंगरच आपल्याला हळूहळू खाली आणून सोडतो. त्याला क्रूझिंग म्हणतात. गॅरीची सत्तर वर्षांची आई दर मंगळवारी जाते.

आधी अपमान वाटला. ब्लॅक डायमंडवाल्या माणसाला आज्यांचा डोंगर. मग विचार केला, बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. मुलाने स्वतःच्या हौसेपेक्षा बापाच्या वयाकडे पाहावं.

लतिकाला सांगितलं, बाबांच्या वयाला मानवेल असा डोंगर शोधलाय. ती म्हणाली, घरात अजून एकाच्या वयाला मानवेल. दुर्लक्ष केलं.

२९ जानेवारी, शनिवार. सकाळी ९.४०, हेझलटन

फारच घरगुती जागा. लॉजच्या टेबलांवर लोकांनी घरून क्रॉकपॉटांत शिजवलेलं जेवण आणलंय, वास चिलीचा, म्हणजे इथल्या राजमा-खिम्याचा. शायनिंग मारणारं एकही पोरगं नाही. सगळे आजोबा, आया, नाक गळणारी मुलं.

बाबा उतार बघत बराच वेळ उभे होते. म्हणाले, नवीन डांबर टाकलेल्या घाटासारखं काम आहे, रात्रभर मशीन चालवणारा ड्रायव्हर मन लावून चालवत असेल. त्यांना दहाच्या बिगिनर क्लासमध्ये घातलं. मी म्हटलं, ब्लॅकचे उतार मागच्या अंगाला आहेत, इथून दिसत नाहीत. मी तिकडे जाऊन येतो. मागच्या अंगाला पार्किंग आहे. पण बाबांना ते माहीत नाही.

११.१५, डोंगरावर, बसून

चेअरलिफ्टमध्ये चढणं सोपं आहे. उतरणं पुस्तकात नव्हतं. लिफ्ट दोन मिनिटं थांबवली, तेवढा वेळ अर्धं न्यू हॅम्पशर माझ्यामुळे हवेत लटकलं. एका आजीने माझी काठी आणून दिली.

आता ‘ग्रॅनीज लेन’ नावाच्या उताराच्या तोंडाशी बसलोय. खाली गोठलेलं तळं, वर स्वच्छ ऊन. उतार इतका सौम्य की आपल्याकडे ह्याला कोणी उतार म्हणणार नाही, पोरं सायकलवरून हात सोडून जातील. लोक गप्पा मारत सरकतायत. एक बाई गात गेली. मनात आलं, दर शनिवारी खरंच इथे आलो असतो तर.

पाच मिनिटांत निघतो.

१२.३०, तिथेच

निघतो.

संध्याकाळी, घरी

निघालो. वळायचं ठरवलं होतं, पण डोंगर सरळ निघाला. शंभरेक फुटांवर नारिंगी जाळी होती, ती मी आडवी पाडली. तिच्यात गुंडाळून पडलो होतो तेव्हा वरून क्लास आला. पुढे एड नावाचा म्हातारा इन्स्ट्रक्टर, मागे पिवळ्या जाकिटातली सहा पोरं, आणि सगळ्यात शेवटी बाबा. गुडघे वाकलेले, स्कीजची टोकं पुढे जुळवलेली, नजर रस्त्यावर. दुपारच्या सेशनला एड त्यांना थेट वर घेऊन आला होता. म्हणजे तोवर दोन वाजून गेले होते.

बाबा माझ्याशेजारी येऊन थांबले. थांबले, हे महत्त्वाचं. विचारलं, लागलं का. मी नाही म्हटलं. एडने विचारलं, हा तुमच्याबरोबर आहे का. बाबा इंग्लिशमध्ये म्हणाले, माय सन, टेकिंग रेस्ट. आणि पोरांच्या मागे निघून गेले.

मी स्कीज खांद्यावर घेऊन कडेकडेने चालत उतरलो. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात क्लास मला आणखी एकदा ओलांडून गेला.

परतीच्या वाटेवर बाबा सबंध वेळ हायवेबद्दल बोलले.

३० जानेवारी, रविवार

नागपूरचा फोन. जगन्नाथराव आमच्याच घरी येऊन बसले होते. व्हिडिओ झाला का विचारलं. माझ्या हातातला चहा गार झाला. बाबा म्हणाले, पाहिलं ना, एकदम वरून येतो, पण थंडीने कॅमेऱ्याची बॅटरी गेली पाहा.

सुटलो. दुपारी मटण केलं.

संध्याकाळी हँडीकॅम उघडून पाहिला. बॅटरी फुल.

आमदाराच्या एका भाच्याला बाबांनी ड्रायव्हिंगमध्ये दोनदा नापास केलं होतं. घरी माणसं येऊन बसली, मिठाईचा बॉक्स आला, तो तसाच परत गेला. त्या बाबांनी आज मला पास केलं. लाज वाटली. जेवण गेलं नाही, मटण उरलं.

२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा स्कीइंगबद्दल काहीच विचारत नाहीत. ते आल्यापासून मला हेच हवं होतं. आता ते चहा पीत बसले तरी मला घाम फुटतो.

आज त्यांनीच विषय काढला. शनिवारच्या क्लासमध्ये दोघांची नावं दिली आहेत, लतिकाकडून फोन करवून. मी म्हटलं, या शनिवारी ऑफिसचं थोडं काम... ते म्हणाले, तीस वर्षं पाहून राहिलो, येत नाही म्हणणारा पोरगा पंधरा दिवसांत गाडी शिकतो, येते म्हणणारा झाडात घालतो. नऊ वाजता पोचायचं आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या क्लासमध्ये पाच जण. बाकीच्या चौघांचं डोकं माझ्या बेल्टला लागत होतं. एकीने विचारलं, तू नापास झालास का. बाबांना एडने वरच्या क्लासमध्ये घातलंय.

स्कीजची टोकं पुढे जुळवायची, टाचा बाहेर ढकलायच्या, की माणूस थांबतो. ह्याला मुलं पिझ्झा म्हणतात. सकाळभर पिझ्झा. बारा वाजता एकदा थांबलो. शेवटी एडच्या मागोमाग ग्रॅनीज लेन अर्धी उतरलो. पायाखाली विंचरलेला बर्फ खरखरत होता, आणि गॅरी म्हणाला होता ते खरं निघालं, डोंगरच आणून सोडतो. फार बरं वाटलं. आजवर सांगितलेल्या कुठल्याच उतारावर इतकं बरं वाटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, रविवार

फोनवर बाबांच्या आधी मी बोललो. आईला सगळं सांगितलं. तीन हिवाळे, ग्रीन, ब्लू, ब्लॅक, काहीच नव्हतं, काल पहिल्यांदा थांबायला शिकलो. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला होता. पान उलटत नव्हते.

 मला वाटलं आई रडेल. ती म्हणाली, बरं झालं रे बाप्पा. मी सांगायचो त्या हिशोबाने इकडे माझा शनिवार डोंगरावर सुरू व्हायचा तेव्हा तिथे रात्र झालेली असायची. तीन हिवाळे ती शनिवारची रात्र डोळे उघडे ठेवून पडायची, की पोरगं आत्ता डोंगरावर असेल, हातपाय मोडले तर तिथे उचलायला कोण. रविवारी माझा फोन आला की मग झोपायची. बाबांना तिने कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुला अभिमान वाटायचा ना. ती म्हणाली, वाटायचा, दिवसा.

मग तिने विचारलं, दर शनिवारी तू करत काय होतास मग.

झोपत होतो, असं सांगितलं.