नाताळचं कोकरू

ताडकळस,
बारा डिसेंबर

प्रिय सुवार्ता,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू बोलतेस, नाही असं नाही. माझ्या सोनूचं विचारतेस, कापसाचं विचारतेस, आईच्या गुडघ्यांचं विचारतेस. पण तुझ्या आईचं, आपल्या बाईंचं, नाव निघालं की तुझ्याकडची रेंज जाते. म्हणून या वेळी कागदावरच लिहायला बसले. अक्षराला नावं ठेवू नकोस, शाळेत बाईंनीच हाताला धरून गिरवून घेतलेलं आहे.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. तूर शेंगांनी वाकलीय. कापूस निघालेल्या रानात आमची मेंढरं बसवलीत, आणि आबा अजूनही काठी टेकत टेकत संध्याकाळी वाघुरीपाशी जाऊन बसतात. जाळीच्या त्या कुंपणात मेंढरं शिरली की एकेकीच्या पाठीवर हात ठेवून बघतात. परवा मला म्हणाले, "रुपे, नाताळ जवळ आला बघ. औंदा कंचं कोकरू?" माझ्या हातातली घागर तशीच राहिली.

तुला आठवतं का, आपल्या लहानपणी हा प्रश्न ऐकायला आपण किती आतुर असायचो? सगळ्या गावात नाताळ एकाच घरात, तुझ्या. दुपारी आबा कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू निवडायचे आणि मी ते कवेत घेऊन तुमच्या दारात यायची. बाईंनी चुलीवर पाणी तापवून ठेवलेलं असायचं. स्वतःच्या अंगाचा साबण लावून त्या कोकराला न्हाऊ घालायच्या, जुन्या टॉवेलनं खसाखसा पुसायच्या, मग शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तसली लाल रिबीन त्याच्या गळ्यात तू बांधायचीस. ओसरीवर कडब्याच्या पेंढ्यांचा गोठा, त्यात मातीची गाय, एक पाय मोडलेला उंट, आणि त्यांच्यात आमचं खरंखुरं कोकरू. आबांची घोंगडी पांघरून तू आणि मी मेंढपाळ. तुझ्या घोंगडीला उवा होत्या म्हणून तू रडलीस, तो नाताळ मी कधी विसरणार नाही.

आणि आबा! खुर्चीवर बसायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. पण बाई ऐकायच्या नाहीत. येशू जन्मला तेव्हा पहिला निरोप मेंढपाळांना आला, म्हणून या घरातली पहिली करंजी येडबादादांची, असं म्हणून त्यांच्या हातात बशी द्यायच्या. तोवर घरात कुणी घास उचलायचा नाही. गावात आम्हाला कोण खुर्ची देत होतं गं तेव्हा? रात्री घरी येऊन आबा आईला सांगायचे, "पैली खबर धनगराला आली म्हनं, म्हणून पैला मान आपला." वर्षभर पुरायचं त्यांना ते.

तू नर्स झालीस, नाशिकला गेलीस, तरी चोवीस तारखेला दिवस मावळायच्या आत परभणीहून बसनं यायचीसच. रिबीन तूच बांधायचीस. तुझ्याशिवाय कोकरू गोठ्यात जायचं नाही. पाच वर्षांमागं मात्र तुला सुट्टी मिळाली नाही. तू तसं बाईंना फोनवर सांगितलं होतंस, हे मला माहीत आहे. बाई आईला म्हणाल्या, "येईल ती. असं म्हणते आणि येते." आणि त्यांनी पाणी तापत ठेवलं. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. कोकरू ओरडायला लागलं म्हणून आई तिकडे गेली. बाई चुलीशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर अर्धवट पुसलेलं कोकरू, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात रिबीन. आईला वाटलं, डोळा लागलाय.

तू आलीस, परभणीला माती दिली, त्याच दिवशी कुलूप लावून किल्ली घेऊन गेलीस. मी तुला दोष देत नाही. तेव्हाही दिला नव्हता.

पुढच्या वर्षी चोवीस तारखेलाच मेंढरं परत आली आणि एक कोकरू कमी भरलं. अमृत आणि आबा बॅटरी घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन आले. (नवऱ्याचं नाव घेते म्हणून हसू नकोस, मामाचा पोरगा आहे तो, त्याचा शेंबूड तू पण पुसलायस.) लांडग्यानं नेलं असं धरून आम्ही गप्प बसलो. सकाळी आई त्या बाजूनं गेली, तर कोकरू तुमच्या पायरीवर बसलेलं. कोरडं, कापसासारखं फुगलेलं, गळ्यात लाल रिबीन. अंगाला साबणाचा वास. आम्ही म्हटलं, गावातल्या पोरांचा चावटपणा.

त्याच्या पुढच्या वर्षी अमृतनं सगळी कोकरं घरात घेतली आणि आतून कडी लावली. कडी तशीच होती सुवार्ता, आणि कोकरू पायरीवर. तिसऱ्या वर्षी तुमच्या बंद घराच्या पत्र्यातून धूर निघताना निम्म्या गल्लीनं पाहिला. अमृतनं शिडी लावून आत डोकावलं. चूल गार, वर जाळी जळमटं. पण ओसरीवरच्या धुळीत ओल्या पावलांचे ठसे होते, चुलीपासून दारापर्यंत आलेले. दारापाशी थांबलेले. परत गेलेले नव्हते.

खोटं कशाला सांगू, तोवर मला भीती वाटली नव्हती. बाईंची कसली भीती? आबा तर खूश होते. "बाईनं आपला मान सोडला न्हाई. नेऊ दे," म्हणायचे. शेजारपाजारचे त्या घरावरून जाईनात, पण आम्ही जायचो.

मग मागचा नाताळ. आई दुपारपासून कोकरांसमोर पाय पसरून बसली होती. मेंढरं आली, एकही कोकरू कमी नव्हतं. अमृत हसला. "सुटलो," म्हणाला. मी चहा टाकायला उठले आणि सोनूला हाक मारली. सोनू अंगणात नव्हती.

कुणी विहिरीकडे पळालं, कुणी एसटी स्टँडकडे. माझे पाय मात्र तुमच्याच घराकडे वळले. ती पायरीवर बसली होती. पाच वर्षांचं लेकरू, त्या थंडीत केस ओले, नीट विंचरलेले, दोन वेण्या आणि दोन्हीला लाल रिबीन. पाय स्वच्छ धुतलेले. ओठांना करंजीतलं खोबरं लागलेलं. पायरीचा दगड बर्फासारखा होता आणि पोरीचं अंग आत्ताच न्हाणीतून निघाल्यासारखं ऊन ऊन. कुलपावर गंज, कडीला कोळिष्टक, तेसुद्धा न मोडलेलं.

"कुणी न्हाऊ घातलं तुला?" मी विचारलं.

"बाईनं."

"कोणत्या बाईनं गं?"

"चष्म्याच्या. त्या म्हणल्या, सुवार्ता येईना झाली, आता तूच माझी."

बाई गेल्या तेव्हा सोनूला नीट चालताही येत नव्हतं. तुझा फोटो आमच्याकडे नाही. आणि आमच्या घरात तुला सगळे बेबी म्हणतात, तुला ठाऊक आहे. सुवार्ता हे नाव त्या पोरीच्या कानावर कधी पडलेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आबा मानाचं बोलत नाहीत. मी सोनूच्या वेण्या सोडल्या, रिबिनी चुलीत घातल्या. वर्षभर काही झालं नाही. मला वाटलं, गेलं. पण दिवाळीपासून पोरगी अंगणात खेळता खेळता मधेच "आले बाई!" म्हणून ओ देते. मी धावत जाते, तर कुणी नसतं. बाई कोकराला पुसताना गुणगुणायच्या ती चाल आठवते तुला, शब्द नसलेली? सोनू ती गुणगुणते. अगदी तशीच, मधे श्वास घेऊन. अमृत भांडतो, देवऋषाकडे नेऊ म्हणतो. आई नको म्हणते. आई म्हणते, "बाईला कोकरू नको हाय, का आपली सोनू नको हाय. बाईला तिची लेक पायजे. ती येईना, म्हणून जे घावंल ते पुसायल्यात त्या."

मला आईचं पटतं. बाईंनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. पण सुवार्ता, त्या वाट बघून थकल्यात. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं लेकरू आपलं वाटायला लागतं.

म्हणून हे पत्र. चोवीस तारखेला ये. दिवस मावळायच्या आत ये, किल्ली घेऊन ये. काही करायचं नाही, घर उघडायचं, चूल पेटवायची आणि आई, मी आले, एवढं मोठ्यानं म्हणायचं. कोकरू मी आणते, आबांना खुर्चीवर बसवते, तुझ्याशेजारी मी उभी राहते, तू एकटी नसशील. तुला सुट्टी मिळणार नाही, तुझं काळीज होणार नाही, हे सगळं मला कळतं, आणि तरीही मी ये म्हणते आहे. कारण मी दुसरा उपाय करून बघणार होते. नाताळच्या आधी सोनूला चारठाण्याला, तिच्या आत्याकडे, नेऊन ठेवायचं मनात होतं. हे मी अमृतलासुद्धा बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही, फक्त मनात धरलं होतं. आज सकाळी तिचे केस विंचरत होते. ती आरशात माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आई, चारठाण्याला नको नेऊ. बाई म्हणल्या, तिकडची वाट पण मला ठावं हाय."

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
रुपाली