पाच तारखेचं तिकीट

२ जुलै, मंगळवार
घरभर खोकी. बिल्डरचं पत्र आलं: बिल्डिंग पाडायची आहे, ३१ जुलैला आठही फ्लॅट रिकामे हवेत. उस्मानपुऱ्यातली बत्तीस वर्षं सुतळीनं बांधायची. आज पुस्तकं बांधली. खोक्यावर नंबर, वहीत यादी. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून हात वळणदार झालाय, खोक्यांवरसुद्धा अक्षर सुरेख येतं. कौतुक करायला घरात कुणी नाही.
स्वा., आमची लेक, शुक्रवारी येते. ढाका ते मुंबई. सातवा संपत आलाय, पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरी म्हणजे माझ्याकडं! कमल जाऊन दोन वर्षं झाली. सगळं करायला सिल्लोडहून अक्का येणार, माझी मोठी बहीण.
संध्याकाळी कॅलेंडरवर खूण करायला गेलो तर पाच तारखेच्या चौकोनात काळा गोळा. अमावास्या.
मी मानत नाही. कमलशी यावरून आयुष्यभर भांडलो. पण गरोदर पोरीला अमावास्येला उंबरा ओलांडू दिला म्हणून कमलनं मला जिवंत सोडलं नसतं.

३ जुलै
स्वा.ला फोन. "बाबा, तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात?" म्हटलं, मी नाही, तुझी आई. मग म्हणाली, "बरं, बदला."
शनिवार, २० जुलैचं मिळालं. तोवर नवीन जागा लावून होईल, पोरीला इथली धूळ नको. एका दगडात दोन पक्षी. स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यायलो.

८ जुलै, सोमवार
अक्काचा फोन. तिला आज कळलं.
"काय रं, डोकं फिरलं का तुझं? अमावास्या टाळली अन् आठवा लागू दिला? आठव्यात पोरीला हलवत असतेत व्हय?"
सातव्यात आणतात, नाहीतर नवव्यात, हे मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. डोक्यातच आलं नाही. बाईमाणूस घरात नसलं की असं अर्धवट पाळलं जातं.
जावयाला विचारलं. नितीन कापड गिरणीत रंगाई खात्यात आहे, ढाक्याबाहेर गाझीपूरला; राहतातही गिरणीच्याच आवारात. तो हसला. "आठवा-नववा काही नसतं, बाबा. विमानवाल्यांचा हिशेब आठवड्यांचा. बत्तीस झाल्यावर डॉक्टरांचं पत्र लागतं, पस्तीस पूर्ण झाले की घेतच नाहीत." विमान वीसचं, एकोणीसलाच बत्तीस होतात. म्हणजे पत्र लागेल. लागू दे.

१४ जुलै
नवीन जागा इथंच, शहराच्या दुसऱ्या टोकाला सातारा परिसरात, दुसरा मजला, लिफ्ट आहे. अक्का आली आणि आल्या आल्या ताबा घेतला. म्हणे आषाढात घर बदलत नसतेत. म्हटलं, बिल्डरला सांग. शेवटी तिनंच तोड काढली: सामान जाऊ दे, देव आणि शेगडी शेवटच्या दिवशी हलवायची. तोवर स्वयंपाक इथं, कपाटं तिथं.
ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर आलेत, नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून. नि. म्हणतो, "इथं हे चालूच असतं."

१७ जुलै, बुधवार
आषाढी एकादशी आणि मोहर्रम एकाच दिवशी. वरच्या मजल्यावरचे सय्यद सर तांब्याभर सरबत घेऊन आले. निवृत्त गणित शिक्षक, पंचवीस वर्षांचे शेजारी. अक्कानं त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली आणि सरबत उपासाला चालतं का म्हणून माझ्याकडं बघितलं. सर म्हणाले, "अक्का, पानी, शक्कर, सब्जा. इसमें तो भगवान भी कुछ नहीं बोलता." प्याली.
आमचा टीव्ही खोक्यात गेला. सरांकडं बातम्या बघितल्या. गोळीबार. मुलं मेली. आमच्या स्वा.पेक्षा लहान मुलं.
स्वा. फोनवर: "गिरणी गावाबाहेर आहे, बाबा. आमच्याकडं शांत आहे." ही शांत आहे म्हणते तेव्हा नसतं. दहावीच्या निकालापासूनचा अनुभव.

१९ जुलै, शुक्रवार
सकाळपासून मेसेजला एकच टिक. तिथलं इंटरनेट बंद केलंय. फोन लावला की बंगालीत बाई काहीतरी बोलते. सतरा वेळा लावला.
आज दुपारच्या गाडीनं मुंबईला निघायचं होतं, उद्या तिला घ्यायला. पिशवी भरून ठेवलेली. अक्का म्हणाली, "पोरगी निघंल का नाय ते ठावं नाय, तू जाऊन काय करतो?" टेम्पोवालाही तारीख चुकवून आता उद्याच येणार होता. नाही गेलो.

२० जुलै
तिकडं संचारबंदी. सरांनी त्यांच्या मोबाईलवर विमान कुठं आहे ते काढून दिलं. मला वाटलं, रद्द झालं असणार. नाही. वेळेवर उडालं. आणि दोन वाजता मुंबईत उतरलं.
मग वाटलं, आली असेल तर? आठव्या महिन्यातली पोर, दोन बॅगा, दारात बाप नाही. टेम्पोवाले कपाट उतरवत होते, विचारत होते, "काका, हे कुठं?" मी काय सांगत होतो कुणास ठाऊक. कपाट बाथरूमच्या दाराला लावून गेले.
संध्याकाळी सहाला गिरणीच्या फोनवरून स्वा. "बाबा, निघता नाही आलं. रस्त्यावर गाड्या जळतायत. आम्ही अर्ध्यातून मागं आलो. मी ठीक…" तुटला.
आली नाही ऐकून आधी बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

२२ जुलै
पाचला आली असती तर आज सतरा दिवस झाले असते घरात येऊन. इथं कॉटवर पडून अक्काशी भांडली असती, डिंकाचा लाडू नको म्हणाली असती.
कमल, तुझं नाव पुढं करून मी हे केलं. तू असतीस तर अमावास्या टाळून सहा तारखेलाच आणली असतीस. मला दुसऱ्या दिवशीचं तिकीट बघायचंही सुचलं नाही. पुढची तारीख घेतली ती माझ्या सोयीची, सामान हलेपर्यंतची. आज हे लिहून ठेवतो. तोंडानं कुणाला सांगायची हिंमत नाही.

२४ जुलै
दहा मिनिटं बोलणं झालं! आवाज थकलेला. पाय सुजलेत. दूध मिळतंय. बँकांचं काही चालत नाही, म्हणून तिकीट मी इथून बघायचं. सगळी विमानं भरलेली, इकडची शिकायला गेलेली मुलं परतताहेत. ६ ऑगस्टचं मिळालं. तेव्हा चौतीस पूर्ण. रस्त्यानं सीमेपर्यंत येऊ का म्हणून नि.नं विचारलं. तिच्या तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी झाडलं त्याला. आठ तास खड्ड्यांतून, या अवस्थेत!
मीच का जात नाही, असं अक्का विचारते. पासपोर्ट नाही. काढू काढू म्हणत राहिला. कमलचाही राहिला होता.

२७ जुलै, शनिवार
सय्यद सर गेले, मुलाकडं, रोशन गेटला. जाताना गळ्यात पडले. "साब, नक्को सोचो इतना. बच्ची आ जाएगी." मग मराठीत म्हणाले, "मला आधी फोन करायचा. अक्काच्या आधी."
दुपारी कमलचं कपाट, शेवटचं राहिलेलं. दोन वर्षं उघडलं नव्हतं. अक्कानं मऊ सुती साड्या बाजूला काढल्या, दुपट्यांसाठी. बाळाला नवं काही आणायचं नसतं आधी, जुन्यातलंच. स्वा. फोनवर होती, कॅमेऱ्यातून बघत होती. निळी निघाली तशी म्हणाली, "ती नको फाडू, अक्काआत्या."
मग मला म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही पाचचं बदला म्हणालात ना, मला बरं वाटलं होतं. मला हे कपाट उघडताना तिथं नव्हतं राहायचं. तुम्हाला नको म्हणता आलं असतं मला. पण म्हणाले नाही."
म्हणजे दोघांनी मिळून केलं. मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट पोर एवढी घाबरते आणि आपल्याला पत्ता नाही, याचंच वाईट वाटत राहिलं.

३१ जुलै
किल्ली दिली. देव अक्काच्या मांडीवर, शेगडी माझ्या, रिक्षा सातारा परिसराकडं. क्रांती चौकात सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला आमच्याकडं बघून हसला. अक्का त्याला म्हणाली, "हसतो काय, घर चाललंय आमचं."
नव्या जागेत दूध उतू घालवलं. एका खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. स्वा.ची खोली तीच ठेवलीय.

४ ऑगस्ट, रविवार
पुन्हा पेटलं. आधीपेक्षा वाईट. नेट बंद, संचारबंदी. आज तिकडं किती माणसं गेली ते ऐकवत नाही. आजही अमावास्या आहे, हे अक्कानं सांगितलं नाही आणि मीही काही बोललो नाही.

५ ऑगस्ट
टीव्ही खोक्यातून काढला, तारा जोडल्या, तर समोर हे. सरकार पडलं. पंतप्रधान देश सोडून गेल्या. त्यांच्या घरात लोक शिरलेत, कुणी खुर्ची नेतंय, कुणी मासा. विमानतळ बंद.
लोक रस्त्यावर नाचताहेत. त्यांच्यासाठी मोठा दिवस असेल, आपण कोण बोलणार. मला त्या गर्दीत फक्त एक रस्ता मोकळा हवाय. गाझीपूर ते विमानतळ.
नि.चा फोन लागला. गिरणी बंद, फाटकाला आतून कुलूप. स्वा. झोपलीय म्हणाला. दुपारी तीनला?

६ ऑगस्ट, मंगळवार
विमान रद्द. मेसेज आला, क्षमस्व वगैरे.

७ ऑगस्ट
विमानतळ चालू झाला. शुक्रवार, ९ तारखेचं एक तिकीट मिळालं. एकच. नि. मागं राहणार, गिरणीवाले सोडत नाहीत.
घोळ असा: त्याच दिवशी पस्तीस पूर्ण होतात. विमान कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "पस्तीस पूर्ण झाले असतील तर नाही घेता येणार, सर." म्हटलं, पूर्ण सकाळी होतात की संध्याकाळी? तिला हसू आलं. मला नाही.
सोनोग्राफीच्या तारखेनं धरलं तर चार दिवस कमी भरतात. पाळीच्या तारखेनं धरलं तर पस्तीस. पत्रात डॉक्टरीणबाई कुठली तारीख लिहितात, त्यावर सगळं. खोटं लिहा म्हणत नाही. दोन्ही तारखा खऱ्याच आहेत!
तिथं बाळंतपण झालं तर? दवाखान्यात अर्धे डॉक्टर येत नाहीत, रस्त्यावर पोलीस नाहीत. तिच्याजवळ बाई नाही एक.

८ ऑगस्ट, गुरुवार
डॉक्टरीणबाई दवाखान्यात पोचल्या. पत्र मिळालं. काय लिहिलंय विचारलं तर नि. म्हणाला, "बंद पाकीट आहे, बाबा. उघडू का?" म्हटलं, नको. मग वाटलं, उघडायला सांगायला हवं होतं. परत फोन लागला नाही.
चौकाचौकांत कॉलेजची मुलं शिट्ट्या घेऊन गाड्या सोडताहेत म्हणे. पोलिसांच्या जागी. त्यांच्या आया घरी काय करत असतील?
पिशवी पुन्हा भरली. अक्का बघत उभी. या वेळी तिनं अडवलं नाही. मीच विचारलं, "पत्र नाही चाललं तर? विमान आलं आणि ही नसली तर?"
"तर परत यायचं. लई काय त्यात? पण पोरगी बाहेर आली अन् बाप दिसला नाय, असं पुन्यांदा नको."
म्हणजे वीस तारखेचं तिच्याही मनात होतं. बोलली नव्हती. आज बोलताना डोळे पुसले. मी पाठ फिरवून कुकरची शिट्टी लावत बसलो.

९ ऑगस्ट, शुक्रवार. स्टेशन, सकाळी
आज पंचमी. लेकी माहेरी यायचा दिवस. अक्कानं पुरणाचे दिंड उकडायला घेतले तेव्हा बाहेर अंधारच होता. चार बांधून दिलेत. "तिच्यासाठी हायेत, तू खाऊ नको."
सय्यद सरांना कबूल केल्याप्रमाणं फोन केला. जागेच होते. म्हणाले, "दुआ कर रहा हूँ. आप बस जाव."
स्वा.चा मेसेज, मघाशी: "पहाटे चारला निघालो. तीन ठिकाणी मुलांनी गाडी अडवली. माझं पोट बघून त्यांनीच पुढं पळत जाऊन रस्ता मोकळा केला. पोचलो." नंतर दुसरा: "काउंटरवर आहे. पत्र वाचतायत. कुणालातरी बोलवायला गेलेत."
त्यानंतर मी तीन मेसेज टाकले. एकच टिक.
समोर गाडी लागलीय. तिचं काय झालं ते कळायच्या आत माझी गाडी सुटेल, आणि मधे घाटात रेंज जाते. दुपारी मुंबईत उतरेन तेव्हा तिचं विमान उतरायला आलेलं असेल. ती त्यात असेल किंवा नसेल. भीती वाटते. अक्षर बिघडलंय आज.
परतीची तिकिटं दोन काढली आहेत. दोन्ही कन्फर्म.