जावईबापूंचा टाइप करणारा हातमोजा

डोंबिवली,
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, १९९४

ती. दाजींच्या पायांशी मेहुणा महिपतचा नमस्कार. ताईच्या गुडघ्याला लेप लागू पडला का? तुमचा खोकला कसा आहे? (बिडी सुटली का, हे विचारत नाही; सणासुदीला तुम्हाला खोटं बोलायला कशाला लावू?) शीला मजेत आहे आणि मी, देवाच्या व आमच्या मालकांच्या, दामाजीशेठच्या कृपेनं, अजून आहे.

तर ती कृपा अशी. शेठचे जावईबापू अमेरिकेहून आले ते वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिससाठी एक हातमोजा घेऊन. काळा, वायरींनी भरलेला, शेपूट कॉम्प्युटरला जोडलेलं. तो घालून हवेत बोटं वाकवली की पडद्यावर अक्षरं उमटतात म्हणे. टाइपरायटर नको, कीबोर्डही नको. उभा जन्म मी बोटं बडवली, ती मागासलेली पद्धत ठरली. (हे गृहस्थ स्वतः एका बोटानं टाइप करतात आणि दर अक्षराला 'सापडलं' अशा चेहऱ्यानं बघतात.)

मुहूर्त खंडेनवमीचा. दरवर्षी त्या दिवशी माझ्या टाइपरायटरला हळदकुंकू आणि झेंडूची माळ असते. यंदा माळ मोज्याला. माझ्या मशीनवर नारळाचं ताट टेकवलं होतं. राग आला, खोटं कशाला बोलू! पहिलं पत्र शेठनी स्वतः लिहायचं ठरलं. आता शेठचा हात रिकामा असला की अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतो आणि ओठांत रामनाम चालू होतं. मोजा चढवून ते जावईबापूंचं भाषण ऐकत बसले, अंगठा आपल्या कामाला लागला, आणि पडद्यावर इंग्रजी के आणि जे यांच्या ओळीच्या ओळी धावू लागल्या. जावईबापूंना घाम फुटला. मी रुमालात तोंड खुपसून हसलो (तरी आवाज आलाच).

पण शेठचे डोळे पाणावले. "अरे, यानं माझा जप ऐकला की रे!" झालं! तो कागद छापून काढला, फ्रेम केला, देव्हाऱ्याशेजारी टांगला. आता आमचे अकाउंटंट पोपटराव, चांगले बी.कॉम. झालेले, रोज सकाळी चपला काढून त्या के-जेला उदबत्ती ओवाळतात. ज्याला एक सरळ ओळ लिहिता आली नाही त्याची आरती, आणि मी हसलो म्हणून माझी बदली पॅकिंग खात्यात, खोक्यांना पट्टी मारायला.

असो. ताईला नमस्कार, पोरांच्या पाठीत माझ्यातर्फे एकेक प्रेमाचा धपाटा.

आपला,
महिपत

ता. क. तुमच्या खडवलीच्या शाळेत टायपिस्टची जागा निघालीय असं ताई म्हणाली. हेडमास्तर तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. मला इथे या महिन्यापुरतंच ठेवलंय. शीलाला माहीत नाही. ती रोज डबा भरते, मी घेऊन निघतो. अर्ज सोबत जोडला आहे.

आणखी एक, हे कुणाला वाचून दाखवू नका. काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात कोणी नव्हतं. कुठलं बोट वाकवलं की कुठलं अक्षर, हा जावईबापूंचा तक्ता समोर ठेवून मी तो मोजा घातला. सोबतचा अर्ज त्यावरच लिहिलाय, एकही चूक नाही. दाजी, मोजा फार चांगला आहे हो. शाळेचं तेवढं लवकर बघा.