तडकलेला माठ

सौंसर, मे १९५७, बाजाराचा दिवस

दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून उन्हात फिरून राहिलो होतो. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मराठी बोलणारे इथं मध्य प्रदेशातच राहिलो. म्हणून तिथल्या साप्ताहिकाच्या संपादकाले इथले उदास चेहरे पाहिजेत. रिळात शेवटचा एक फोटो उरला होता, तेव्हा माठ विकणारी काशीबाई दिसली. मी म्हटलं, "मावशी, तो तडकलेला माठ हाती धरून उदास बस."

"काहून? तडकलेल्या माठासंग फोटू निघाला, तर माह्या हातचा माठ कोण घेईन?"

तिनं तो मागं सारला, चांगला उचलला आणि बोटानं वाजवून दाखवला. "ऐक." खणखणीत आवाज. ती हसली अन् मी बटण दाबलं.

घरी आलो तरी तोच आवाज कानात. मागं राहिल्याचं दुःख नाही असं नाही. पण तिले आज माठ विकायचे होते, अन् मी तिच्या हाती काय देऊन राहिलो होतो?

उद्या रीळ धुऊन हाच फोटो नागपूरले पाठवतो. संपादक चिडतीन, चिडू दे. तडकलेला माल दिला, तर माह्या हातचा फोटो कोण घेईन?