काकाच्या डोक्यावरचा ठोका

बाबा, तुमच्या धाकट्या भावाला मी सध्या रोज अकोल्याला नेतोय. त्यालाही कंपवात झालाय, तुमच्यासारखाच, उजव्या हातापासून. त्याची पोरं पुण्यात बसून फोनवर हळहळतात, मग शेवटी मीच. तिथे डोक्याला चुंबकाचं वेटोळं टेकवतात आणि ते टक् टक् ठोके देतं. पहिल्या दिवशी जोर जुळवताना प्रत्येक ठोक्याला काकाचा अंगठा आपोआप उडत होता. रोग जात नाही म्हणे, पण काहींचे हातपाय जरा मोकळे होतात. काकाला एकदा स्वतःच्या हाताने चहा प्यायचाय, बाकी त्याचं काही मागणं नाही.

तुम्हाला त्याने कडुलिंबाला बांधलं होतं. आपण पहिल्यांदा बीटी लावली त्या साली तुम्ही विहिरीजवळची आसरांची पडीक पट्टीही वखरली, आणि कपाशीला बोंडं धरली तेव्हा तुमचा हात थरथरू लागला. तीन वर्षांत चालही अडखळू लागली, तेव्हा पाण्यातल्या देवींची जागा मोडली, त्यांनीच धरलं, असं काकाने ठरवून टाकलं. धरणारं नाव सांगत नाही तोवर अंग सोडत नाही, ही आपल्याकडची समजूत. काका आसूड घेऊन उभा आहे. "बोल, कोन हायेस तू? काऊन धरलं माह्या दादाले?" तुमचे ओठ हलतात. या रोगात आवाज बसतो, चेहरा दगडासारखा होतो, हे गावात कोणाला ठाऊक? "आयकू नाही येऊन राह्यलं! मोठ्यानं बोल!" पुन्हा आसूड. सदरा फाटला, मग पाठ फाटली. मी काकाच्या मनगटाला रक्त येईस्तोवर चावलो, त्याने मला लाथेने उडवलं. तुम्ही काय म्हणत होता, ते तुमच्या तोंडाशी कान नेणाऱ्या आईलाच कळलं. "मीच आहो रे, मीच."

झाडाला बांधलं त्या साली तुम्ही दसरा पाहिला नाही. सरणापाशी सगळ्यांत जास्त काकाच रडला, आणि खरं रडला. त्याचाच मला अजून संताप येतो. खोटं रडला असता तर मी त्याचा मुडदा पाडला असता आणि मोकळा झालो असतो.

आज ठोके सुरू झाले आणि काकाचे ओठ हलले. त्याचाही आवाज आता बसलाय. मी कान जवळ नेला. "दादा, बस कर रे. लागून राह्यलं."

यंत्रावरच्या मुलीने विचारलं, "आजोबा काय म्हणताहेत? दुखतंय का? कमी करू?"

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही, तुमच्यापर्यंत तर ते पोचायचंच नाही, म्हणून लिहितो. "काही नाही," मी म्हणालो. "चालू ठेवा."