एकोणीस कच्च्या वह्या

सोमवार, ३ मार्च

एकोणीस वह्या, आणि एकीतही धड एक वाक्य नाही!

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी कर्णबधिर मुलांचा वर्ग भरतो. माझी नात, भिंगरी, वय वर्षे सहा, तिथे जाते. वर्ग चालवणाऱ्या संशोधक बाई या मुलांच्या घरातल्या भाषेचा अभ्यास करीत आहेत. त्यासाठी डिसेंबरात प्रत्येक घरी एक वही दिली (वाटायला मीच गेलो होतो): मूल दिवसभरात हातांनी, आवाजाने, चेहऱ्याने जे काही म्हणेल ते टिपायचे. आता अहवाल जवळ आला आणि आयांची अक्षरे कुणाला लागेनात. सुवाच्य नक्कल कोण करील, असा प्रश्न निघाला. मी हात वर केला. चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. माझ्या नजरेतून अनुस्वार निसटला नाही!

सून म्हणाली, "बाबा, केवळ नक्कल करावयाची आहे." (हे वाक्य दुरुस्त करून लिहिले. तिने जे म्हटले त्यात क्रियापदच नव्हते.)

गुरुवार, ६ मार्च

सहा वह्या हातावेगळ्या केल्या.

शिंपीणबाईंनी मुलीचे म्हणणे असे टिपले आहे: "मी शाळा नाही. पोट. पोट. पोट." मी लिहिले: "माझे पोट दुखत असल्यामुळे मी आज शाळेत जाणार नाही." अर्थ तोच, आणि वाचणाऱ्यापुढे पोरीची मान खाली जाणार नाही. पोट तीनदा कशाला? पुनरुक्ती दिसली की गाळायची — हा हाताचा गुणच झाला आहे.

शनिवार, ८ मार्च

वर्गात गेलो होतो. मुलांच्या पाट्या तपासल्या. फेब्रुवारीपासून तपासतो आहे, सुधारणा शून्य. खडूने रेघा मारून मारून बोट पांढरे झाले.

घरी भिंगरी टेबलापाशी येऊन उभी राहते, वह्यांकडे बघते, घशातून चित्रविचित्र आवाज काढते. लक्ष लागत नाही. दार लोटून घेतले.

बुधवार, १२ मार्च

संपले! एकोणीस वह्या, स्वच्छ, सुघड, निर्दोष. कच्च्या वह्या फाडून टाकल्या. छापखान्याचा नियम: पक्की प्रत झाली की कच्ची शिल्लक ठेवू नये, दोन प्रती फिरू लागल्या की चुका मागच्या दाराने परत येतात. दोन टोपल्या भरल्या. सकाळीच कचरागाडी येऊन गेली.

कितीतरी दिवसांनी हात हलके वाटले.

शनिवार, १५ मार्च

संशोधक बाई स्वतः कर्णबधिर आहेत. माझ्याशी चिठ्ठ्यांनी बोलतात. त्यांच्या चिठ्ठीत मला आजवर एकही चूक सापडलेली नाही. (शोधली होती.)

आज त्यांनी तीन वह्या उभ्याउभ्या वाचल्या. मग चिठ्ठी आली: "वाक्ये सुंदर आहेत. कुणाची आहेत?"

मला वाटले, शाबासकी! मी लिहिले, "माझी."

दुसरी चिठ्ठी: "मग मुलांची कुठे आहेत?"

आणि तिसरी: "कच्च्या वह्या द्या."

मी लिहिले, "फाडल्या." नियमही लिहिला. त्या खाली बसल्या. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिल्या. त्यांचे हात गप्प असलेले मी प्रथमच पाहिले.

घरचा जिना चढताना सून म्हणाली, "तीन महिने, बाबा. पोरीला ताप होता तेव्हासुद्धा उशाशी बसून लिहीत होते मी." पुढे असे की अहवाल एकतीस तारखेला द्यायचा आहे. वर्ग या अभ्यासाच्या जोरावर चालतो. अहवाल नाही तर वर्ग नाही, माडीवरची खोली दुसऱ्या कुणाला जाईल. भिंगरीशी तिच्या भाषेत बोलणारे तिच्या आईखेरीज जे कुणी आहे, ते त्या खोलीत आहे.

रविवार, १६ मार्च

नियम होता. नियमाप्रमाणे वागलो. यात माझा दोष तो काय?

सोमवार, १७ मार्च

दोष माझा आहे.

सकाळपासून घरात येरझारा घालतो आहे. सुनेने दोनदा सांगितले, "बाबा, बसा हो. फरशी झिजेल."

मंगळवार, १८ मार्च

तोड निघाली. घरोघरी जायचे. आईवडिलांना जे जसे आठवेल ते तसेच लिहून घ्यायचे, हिरव्या शाईने, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर "आठवणीतून" असे घालायचे, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही. बाई, दुभाषी म्हणून सून, आणि मी.

"मी कशाला?" मी विचारले.

बाईंनी हात हलवले, सुनेने सांगितले: "घरं तुम्हाला ओळखतात. वह्या वाटल्या तुम्ही, गोळा केल्या तुम्ही." आणि मग स्वतःच्या पदरचे जोडले: "आणि निस्तरायचंही तुम्हीच."

बुधवार, १९ मार्च

शिंपीणबाईंचे घर म्हणजे एकच खोली. शिवणयंत्र खिडकीशी, कापडाचे गठ्ठे खाटेवर, मुलगी गठ्ठ्यांवर. शिंपीणबाईंनी यंत्र थांबवले नाही. मी आल्याचे कारण सांगितले, क्षमा मागितली. क्षमेचे वाक्य मी घरून तयार करून नेले होते. ते संपेपर्यंत त्यांनी एक बाही जोडून काढली.

मग माझी पक्की प्रत मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. "'दुखत असल्यामुळे'! आजोबा, माझी पोर 'असल्यामुळे' म्हणते होय? म्हणाली असती तर गल्लीभर सांगत फिरले असते मी!"

सून हसली. मलाही हसू येऊ घातले होते, तोच त्या म्हणाल्या, "तिचं पोट तीनदा होतं. दोन कुठं गेली?"

"पुनरुक्ती म्हणून..."

"एकदा पोट म्हंजे पोट दुखतंय. तीनदा म्हंजे शाळेत कुणीतरी छळतंय. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं ते."

पेन उघडले. "पोट. पोट. पोट." असे लिहिले. "म्हंजे" हे इथे मी जसे ऐकले तसेच उतरवले आहे. हाताला सवय लागावी म्हणून.

निघताना त्यांच्या मुलीने माझ्याकडे बघून हवेत बोटाने झर्रकन एक आडवी रेघ ओढली आणि खुदकन हसली. सून जमिनीकडे बघत राहिली.

गुरुवार, २० मार्च

त्या रेघेचा अर्थ सुनेला विचारला. तिने आधी टाळाटाळ केली. कपडे वाळत घातले, चिमटे मोजले. मग म्हणाली, "नाव आहे ते. तुमचं. वर्गात प्रत्येकाला असतं. बाईंचं आहे, माझं आहे. तुम्ही त्यांच्या पाट्यांवर रेघा मारता ना."

"ठेवले कुणी?"

तिने चिमटे पुन्हा मोजले.

"कुणी?"

"भिंगरीनं."

एकोणीस घरांत मी म्हणजे एक रेघ! बाईंना चिठ्ठी दिली: हे नाव बदलून घेण्याची रीत काय? त्यांचे उत्तर: "नाव मागून मिळत नाही. ज्यांची भाषा, ते ठेवतात. बदलायचे तर तेच बदलतात."

चूक नव्हती.

शनिवार, २२ मार्च

अकरा घरे झाली.

बसचालकाने उंबऱ्यातच अडवले. "या काका! आज जिभेवरचं जसंच्या तसं घ्यायचं हां, मधे थांबे घ्यायचे नाहीत!" मग मांडी ठोकून बसला आणि मुलीच्या शेजारी बसून, तिलाच हातांनी विचारत विचारत सांगू लागला. त्याचे हात जाडजूड, खुणा अशा मोठ्या की बशी सांडली. मुलगी त्याच्या खुणांना हसत होती, तो हसण्याला हसत होता.

मी लिहिले: "बाबा बस झोप. बस बाबा. मी उठव नाही." तो पहाटेच्या पाळीहून आला की ती त्याच्या निजेवर पहारा करते, असे त्याने नंतर सांगितले. ते मी लिहिले नाही. मुलीने म्हटले नव्हते. क्रियापदांशी पेन दोनदा अडले. पण पुढे गेलो.

सोमवार, २४ मार्च

सतरा. पाय सुजले आहेत. तरी घरी बसवत नाही.

मंगळवार, २५ मार्च

अठरा झाली. उरले ते माझे घर.

हिरवे पेन घेऊन सुनेपुढे बसलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी नाही सांगणार."

"अगं, एवढी शेवटची..."

"बाकीच्यांच्या दारात जाऊन तुम्ही माफी मागितलीत. माझी वहीपण तुम्ही मला न विचारता फाडलीत, बाबा. मला अजून कुणी काही म्हणालेलं नाही."

खरे होते. एका छताखाली राहतो म्हणून मी तिला धरलेच नव्हते. क्षमा मागितली. तयार केलेले वाक्य आठवलेच नाही. जे आले ते बोललो. व्याकरण कसे होते, देव जाणे.

तिने भाजीची जुडी बाजूला सारली. "ठीक आहे. पण सांगणार नाहीच. भिंगरीलाच विचारा."

"कसे विचारू?"

"तेच तर!"

बुधवार, २६ मार्च

बाईंकडून सहा खुणा शिकून आलो. काय, कधी, कोण, सांग, पुन्हा, मी लिहितो. आरशासमोर घोटल्या.

भिंगरीसमोर बसून केल्या. तिने पाहिल्या. मग डोळे घट्ट मिटून घेतले. तिला ऐकायचे नसले की ती डोळे मिटते. मी खांद्याला हात लावला, तर मिटल्या डोळ्यांनीच पाठ फिरवली.

बसून राहिलो. दुसरे काय करणार? तिला तिचेही दार आहे.

गुरुवार, २७ मार्च

पुन्हा तेच. सून म्हणते, "पाच सेकंद जास्त उघडे होते आज. मोजले मी." थट्टा करते की धीर देते, कळले नाही.

शुक्रवार, २८ मार्च

स्वतःहून आली!

मी वही उघडून, काही न करता बसलो होतो. ती आली, हिरव्या पेनाचे टोपण काढले, लावले, काढले. आणि हात सुरू झाले. इतके भरभर, की सुनेला वाटण टाकून, हात न धुता धावत यावे लागले. तापाच्या दिवसांचे सांगितले, शेजारच्या मांजरीचे, माडीवरच्या खोलीचे. मी "पुन्हा" ही खूण नऊ वेळा केली. नऊही वेळा तिने पुन्हा सांगितले. दहाव्यांदा करू लागलो, तर माझे बोट धरून सरळ केले.

मधे मधे हवेत रेघ येत होती. रेघ आली. रेघ ओरडतो. रेघ दार बंद. सून मला म्हणाली, "इथे 'आजोबा' असं सांगू का?"

मी लिहिले: रेघ. पाच वेळा.

सोमवार, ३१ मार्च

अहवाल मुदतीत गेला. "आठवणीतून" लिहिलेल्या पानांना किती किंमत देतील, बाईंनाही ठाऊक नाही. पण वर्ग तूर्त चालू राहील. शनिवारी माडीवर चाललो आहे. खडू नेणार नाही.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी सून म्हणाली, "बाबा, सांगू की नको असं चाललंय माझं. रेघेच्या आधी तुमचं दुसरं नाव होतं. मांडीवर तळहात, दोनदा. जानेवारी संपेपर्यंत भिंगरी तेच म्हणायची. माझ्या वहीत चौदा वेळा होतं. मी 'मांडी' असं लिहायचे."

नकलून झालेल्या वहीत ते एकदाही नाही; अर्थ न लागलेली पुनरुक्ती म्हणून मीच गाळले असणार.

अहवालाला मागाहून एक शुद्धिपत्र जोडावे लागेल. मजकूर तयार केला: सर्व पाने. 'मांडी', चौदा वेळा, गाळली गेली आहे. ती धरून वाचावे. चूक मूळ प्रतीची नाही. माझी.